माशांची बाळंतिणीची खोली

शतपथब्राह्मणांत मनूची आणि माशाची कथा आहे. सकाळीं हात धुण्याकरितां आणलेल्या पाण्यांत मनूच्या हातीं एक लहानगा मासा लागला आणि तो बोलूं लागला. आपलें पालन केल्यास पुढें येणाऱ्या महापुरांतून मनूस तारण्याचें वचन तर त्यानें दिलेंच. परंतु स्वतःच्या पालनाची रीतहि त्यानें आपणच सांगितली. आधीं घड्यांत ठेवावें, घडा अपुरा पडला म्हणजे खड्ड्यांत ठेवावें, आणि अंगीं पुरेसें बळ आलें म्हणजे समुद्रांत सोडावें. कारण काय, तर लहानपणीं माशांस नाशाचें भय फार. मासाच माशास गिळतो. पुढें जलप्रलय झाला आणि त्या माशानें मनूची नौका उत्तरेकडील पर्वतास नेऊन लावली, हें वाचकांस ठाऊकच आहे. पाठशाळेंत ही कथा आम्ही शिकलों तेव्हां आमचें सगळें लक्ष प्रलयाकडे होतें. घडा, खड्डा आणि समुद्र या क्रमाकडे पाहाण्याचा प्रसंग पुढें पन्नास वर्षांनीं आला, आणि तोहि आमच्या नातवामुळें.

आमचें बिऱ्हाड खारदांड्यास. दांडा म्हटला कीं मुंबईकरांच्या डोळ्यांपुढें कोळीवाडा उभा राहातो. वाळत घातलेले बोंबील, किनाऱ्यास ओढून ठेवलेल्या होड्या, आणि टोपली डोक्यावर घेऊन भरभर चालणाऱ्या कोळणी. येथें 'मासा' या शब्दाचा अर्थ एकच, आणि तो ताटांत वाढलेला असतो. आमचें घर शाकाहारी. तथापि इतकीं वर्षें या वस्तींत काढल्यामुळें वाऱ्याबरोबर येणाऱ्या सुकटाच्या वासाशीं आमचा केव्हांच तह झालेला आहे. अशा घरांत मासे आले ते केवळ पाहाण्याकरितां. आमच्या धाकट्या चिरंजीवांचा मुलगा, वय वर्षें पंधरा, यानें पांच वर्षांपूर्वीं हट्ट धरला आणि दिवाणखान्यांत चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी कांचेची टाकी येऊन बसली. तींत सुमारें अडीचशें लिटर पाणी मावतें. खालच्या मजल्यावरील कोळीणबाईंनीं ती पाहून विचारलें, "मास्तर, ह्ये मासे खायाचे नाय, मंग पोसताव कशाला?" या प्रश्नास शास्त्राधार असलेलें उत्तर आमच्याजवळ नव्हतें.

माशांस विनोदासाठीं जवळ करणें हें कांहीं इंग्रजी खूळ नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकांत 'मानसोल्लास' रचला. त्यांत 'मत्स्यविनोद' नांवाचें प्रकरण असून माशांचे प्रकार, त्यांचीं राहाण्याचीं स्थानें आणि त्यांस प्रिय असलेलीं आमिषें यांचें सविस्तर वर्णन आहे. राजाचा विनोद गळ टाकण्याचा होता, हा भेद मात्र खरा. मासा कांचेंत ठेवून नुसता पाहाण्याची टूम अलीकडची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत १८५३ सालीं पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह झालें. आपल्या मुंबईस मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें. शाळेच्या सहलींत मुलांस तेथें घेऊन जाणें हें आमच्या नोकरींतील एक ठरलेलें काम होतें, आणि मुलें कांचेस नाक लावून उभीं राहात तेव्हां त्यांच्यामागें उभे राहून आम्हीहि पाहात असूं.

घरांतील टाकी मात्र दुरून दिसते तितकी सोपी नव्हे. समुद्र दाराशीं असतां टाकींतील पाणी समुद्राचें नाहीं, हें ऐकून पाहुणे हंसतात. परंतु दांड्याच्या किनाऱ्यास बारा महिने गाळ. शेजारीं गझदरबांधच्या नाल्याचें सांडपाणी. आणि पावसाळ्यांत गोड्या पाण्याच्या लोंढ्यानें खारेपणा उतरतो तो निराळाच. म्हणून शुद्ध केलेल्या पाण्यांत, समुद्रांतील सर्व क्षार प्रमाणांत मिसळलेलें विकतचें मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम घालावें लागतें, आणि त्या पाण्याचें विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखावें लागतें. शिवाय टाकी भरली कीं लगेच मासे सोडतां येत नाहींत. माशांच्या मलमूत्रापासून अमोनिया होतो; तो विषारी. एका जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचें नायट्रेट करतात, आणि मग तें पाणी राहाण्यास योग्य होतें. हे उपकारक जंतु टाकींत वस्ती करावयास महिना दीड महिना घेतात. आमच्या नातवानें तो काळ कॅलेंडरावर रोज एक फुली मारून काढला. त्यानंतर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेलें विदूषक माशांचें जोडपें घरीं आलें. या जातींत मादी आकारानें मोठी, आणि घरांत सत्ता तिचीच. ती मेली तर नरच पुढें मादी होतो. ही माहिती कळल्यापासून आमच्या घरांतील मंडळींचा या टाकीवर विशेष लोभ जडला. मादीचें नांव त्यांनीं 'वहिनी' ठेविलें. सकाळीं देवपूजा झाल्यावर वहिनींस दाणा घालणें हा त्यांचा नित्यनेम झाला.

पांच वर्षें सुखानें गेलीं. गेल्या कार्तिकांत नातवास वाटूं लागलें कीं दोघांच्या संसारांत आणखी कोणी असावें. कुर्ल्याच्या बाजारांतून तो निळ्या अंगाचे, पिवळ्या शेपटीचे दोन डॅमसेल मासे घेऊन येणार, असें ठरलें. येथें घरांत मतभेद उपस्थित झाला.

दादरास आमचे एक आप्त आहेत. त्यांच्याकडेहि खाऱ्या पाण्याची टाकी होती. तींत नऊ मासे होते. त्यांनीं एक नवा मासा आणला, तो दिसावयास अगदीं तेजस्वी. पिशवी टाकीच्या पाण्यांत पाऊण तास तरंगत ठेविली आणि मासा आंत सोडला. आठवड्यानें एकाच्या कल्ल्यावर मिठाच्या कणांएवढे पांढरे ठिपके दिसले. चार दिवसांनीं ते नाहींसे झाले. मंडळींस हायसें वाटलें. पुढच्या पंधरवड्यांत दहाच्या दहा मासे गेले.

ठिपके गेले आणि त्यानंतरच मृत्यु आला, हें कसें, असा प्रश्न आमच्या मनांत राहिला. नातवानें पुस्तकें पाहून तो उलगडून सांगितला, आणि आम्ही चाळीस वर्षें मुलांस शिकविलें असूनहि एखाद्या विद्यार्थ्याप्रमाणें ऐकत बसलों. या रोगाचें कारण म्हणजे एक एकपेशी जीव. जपानांत सिकामा यांनीं १९३७ सालीं त्याचें वर्णन केलें आणि १९५१ सालीं, म्हणजे आमचें तारापोरवाला उघडलें त्याच वर्षीं, ब्राउन या विदुषीनें त्यास क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हें नांव दिलें. ग्रीक शब्दांचा अर्थ घेतां हा 'गूढकेंद्रक'. आणि नांवाप्रमाणेंच त्याचें वागणें गूढ. माशाच्या कातड्यांत व कल्ल्यांत शिरून तो तीन ते सात दिवस पोसतो. तोच आपल्यास पांढरा ठिपका दिसतो. पोट भरलें कीं मासा सोडून तो तळाशीं जातो आणि वाळूवर किंवा कांचेवर स्वतःभोंवतीं कवच करून बसतो. या वेळीं मासा स्वच्छ दिसतो, आणि भोळा मालक देवापुढें साखर ठेवतो. कवचाच्या आंत मात्र एकाचे शेंकड्यांनीं होत असतात. तीन दिवसांपासून अठ्ठावीस दिवसांपर्यंत केव्हांहि कवच फुटतें. क्वचित् सत्तर दिवसहि लागतात. बाहेर पडलेलीं पिल्लें एक दोन दिवसांत माशास चिकटलीं नाहींत तर मरतात. समुद्र अफाट असल्यामुळें तेथें बहुतेक मरतातच. परंतु चार फुटांच्या टाकींत प्रत्येकास मासा सांपडतो. समुद्रांत जो रोग माशास केवळ खाजवितो, तोच आमच्या दिवाणखान्यांत काळ होऊन बसतो.

हा एकच शत्रु असता तरी पुरे होतें. याखेरीज अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसणारी मखमल म्हणून एक व्याधि आहे. ती तीन चार दिवसांत टाकी रिकामी करते. विदूषक माशांसच विशेषेंकरून होणारा ब्रुकलिनेला नांवाचा रोग निराळा, आणि कातड्यास व कल्ल्यांस चिकटणारे चपटे कृमि निराळे. दूर देशींच्या समुद्रांत पकडलेला मासा व्यापाऱ्याच्या हौदांत, मग विमानांतील पिशवींत, मग दुकानाच्या टाकींत, असे मुक्काम करीत येतो. प्रत्येक मुक्कामीं दहा ठिकाणचे मासे एकत्र येतात. तो भुकेलेला, भेदरलेला आणि थकलेला असतो. अशा प्रवाशानें कांहीं बरोबर आणलें नसेल, असें मानावयास आधार नाहीं.

म्हणून नव्या माशास निदान चाळीस दिवस वेगळ्या टाकींत ठेवावें, असें आम्हीं सांगितलें. नातवास तें पटत होतें. परंतु पटणें आणि थांबणें यांत अंतर असतें. "आजोबा, दुकानांत तर ते चांगले पोहताहेत," असा त्याचा युक्तिवाद. चिरंजीवांची अडचण जागेची होती. जेथें माणसांस पाय पसरावयास जागा नाहीं, तेथें माशांस दुसरें घर कोठून द्यावें? सूनबाईंचा आक्षेप आणखी मार्मिक होता. त्या म्हणाल्या, "नवीन आलेल्यास पहिल्याच दिवशीं वेगळें बसवायचें, हें बरें दिसत नाहीं." हें वाक्य त्या कोणत्या अनुभवांतून बोलल्या हें आम्हीं विचारलें नाहीं, परंतु त्याचें उत्तर आम्हांस तत्काळ सुचलेंहि नाहीं.

उत्तर दिलें तें आमच्या घरांतील मंडळींनीं. त्या म्हणाल्या, "यांत बसवायचें कसलें? आमच्या माहेरीं बाळंतिणीला सव्वा महिना वेगळी खोली असे. तिला शेक, धुरी, वेळेवर लापशी. बाहेरचें कोणी हात पाय धुतल्यावांचून आंत जात नसे. ती खोली बाळंतिणीला टाकण्यासाठीं होती कां? तिला जपण्यासाठीं होती. तशीच ही." सव्वा महिना म्हणजे चाळीस दिवसांच्या जवळपास! युरोपांतील रगूसा या बंदरानें १३७७ सालीं साथीच्या गांवांहून येणारांस तीस दिवस बाहेर थांबविण्याचा नियम केला. पुढें ते चाळीस झाले, आणि इटालियन भाषेंतील चाळीस या आंकड्यावरून 'क्वारंटीन' हा शब्द निघाला. तेथल्या व्यापाऱ्यांनीं भयानें जो आंकडा धरिला, त्याच्याजवळच आमच्या आज्या-पणज्या मायेनें येऊन पोहोंचल्या होत्या. त्या दिवसापासून दुसऱ्या टाकीस घरांत 'बाळंतिणीची खोली' हेंच नांव पडलें, आणि जागा निघाली ती सूनबाईंच्या शिलाईयंत्राशेजारीं.

ही खोली कशी असावी, हें ज्यांच्या घरीं अशी हौस आहे त्यांच्याकरितां थोडें विस्तारानें सांगतों. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच. पाणी सुमारें पंचावन्न लिटर. तळाशीं वाळू, शंख, प्रवाळाचे दगड कांहीं नकोत. वाळूंत कवचें लपतात, आणि चुनखडीचे पदार्थ औषध शोषून घेतात. माशास लपावयास आडोसा तर हवाच, म्हणून प्लास्टिकच्या नळाचे चार तुकडे. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा गाळण. हा स्पंज आधीं महिनाभर मोठ्या टाकींत ठेवावा, म्हणजे उपकारक जंतु त्यांत वस्तीस येतात. पाणी तापविण्याचें साधन व उष्णतामापक. जाळी, नळी, बादली, फडकें हीं सर्व निराळीं; त्यांवर आम्हीं तांबडा दोरा बांधला. आधीं मोठ्या टाकीचें काम, मग या टाकीचें. उलट क्रम कधीं नाहीं. दोन टाक्यांमध्यें शक्य तितकें अंतर, कारण हवेच्या बुडबुड्यांनीं उडणारा तुषारहि रोग नेऊं शकतो. आमच्या घरांत सोवळ्याचे नियम एके काळीं कडक होते. तीं फडकीं, ते हात धुणें, तो क्रम पाहून आम्हांस वाटलें कीं ती शिस्त आमच्या अंगीं आधींच होती, फक्त तिला आतां खरें कारण मिळालें.

पाहुणे आले. पहिले दोन दिवस ते नळांतून बाहेर पडले नाहींत. तिसऱ्या दिवशीं धीटपणें खाऊं लागले. नातवानें वही घातली होती. तींत तारीख, उष्णता, खारेपणा, अमोनिया, काय खाल्लें, श्वासाची गति आणि अंगावर कांहीं दिसलें कां, हें रोज लिहिलें जाई. श्वासाची गति म्हणजे कल्ल्यांची उघडझाप मिनिटास किती, हें घड्याळ लावून मोजणें. नवव्या दिवशीं त्यानें आम्हांस हांक मारली. एकाच्या पंखावर तीन ठिपके होते. दुसऱ्याचे कल्ले नेहमीपेक्षां फार जलद हलत होते.

आतां औषध. या रोगावर तांबें हें जुनें औषध आहे. साधें मोरचूद वापरल्यास लिटरमागें ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबें पाण्यांत राहिलें पाहिजे. त्याहून कमी असेल तर रोग हंसतो, अधिक झालें तर मासा मरतो. म्हणून हिशेबानें, दोन दिवसांत हळूहळू वाढवून, दररोज रंगपरीक्षेनें मोजून तें प्रमाण राखावें लागतें, आणि निदान तीन आठवडे राखावें लागतें. कारण तांबें कवचांतल्या जीवास कांहीं करूं शकत नाहीं आणि कातड्यांतल्यासहि नाहीं. तें फक्त पाण्यांत पोहणाऱ्या पिल्लांस मारतें. एकेक पिढी बाहेर पडेपर्यंत वाट पाहाणें हेंच त्या औषधाचें अर्धें बळ. मोठ्या टाकींत हें औषध घालतां येत नाहीं. तेथील शंख, कोळंबी यांस तें विष आहे.

त्या तीन आठवड्यांत कोळीणबाई एकदां वर आल्या. नातू वहींत लिहीत बसला होता. सगळा प्रकार ऐकून त्या म्हणाल्या, "येवढं औषदपानी आमी पोरांना पन नाय केलं, मास्तर!" मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "थांब रं बाला. दर्याव आमाला पन दोन म्हयने थांबवतंय. थांबलं नाय त पुढं जाल्यात काय येनार?" जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैच्या अखेरपर्यंत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. ज्यांचें पोट जाळ्यावर आहे ते एकसष्ट दिवस जाळें कोरडें ठेवतात. आमच्या साऱ्या उपदेशानें जें झालें नव्हतें तें त्या दोन वाक्यांनीं झालें. नातवानें पुन्हां घाई केली नाहीं.

परंतु बाराव्या दिवशीं सकाळीं, ज्याचे कल्ले जलद हलत होते तो मासा तळाशीं मरून पडलेला आढळला. नातू त्या दिवशीं जेवला नाहीं. आमच्या घरांतील मंडळींनीं तो मासा जास्वंदीच्या कुंडींत पुरला. संध्याकाळीं मुलानें आम्हांस विचारलें, "आजोबा, पहिल्याच दिवशीं मोठ्या टाकींत सोडला असता, तर तो जगला असता कां? तिथें जागा जास्त, पाणी जास्त. आपण त्याला इथें ठेवलें म्हणून तर नाहीं ना?"

हा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आम्हीं त्यास जें उत्तर दिलें तें असें. कदाचित् तो जगला असता, कदाचित् नसता. तें कोणासहि सांगतां येणार नाहीं. एवढें मात्र निश्चित कीं रोग त्याच्याबरोबर आला होता, आणि तो त्यानें वहिनींच्या घरांत नेला असता. लहान टाकी, नवें ठिकाण, औषधाचा त्रास हें सगळें त्या माशानें सोसलें, आणि त्याचा लाभ दुसऱ्यांस झाला. जो वेगळा राहातो तो बहुधा इतरांसाठींच वेगळा राहातो. म्हणून इतरांवर त्याचें ऋण असतें. तें ऋण औषधानें, अन्नानें आणि रोज जवळ बसण्यानें फेडावयाचें असतें. आपण तें फेडण्यांत कसूर केली नाहीं, यापलीकडे आपल्या हातीं नव्हतें.

हें सांगतांना आमच्या मनांत मासा एकटाच नव्हता. २०२० सालच्या जूनमध्यें आमचे वडील बंधु, वय अठ्ठ्याहत्तर, यांस साथीच्या रोगानें गांठलें आणि एका विलगीकरण केंद्रांत नेण्यांत आलें. चौदा दिवस आम्हांस त्यांचें तोंड दिसलें नाहीं. ते बरे होऊन आले. परंतु त्यांनीं सांगितलेल्या गोष्टींत तापाचें वर्णन फारसें नव्हतें. पहिले कित्येक दिवस कोणी नांवानें हांक मारली नाहीं, खाटेच्या आंकड्यानेंच मारली, हें ते पुनःपुन्हां सांगत. पुढें एक वॉर्डबॉय पाळीवर आला, तो रोज सकाळीं दाराशीं उभा राहून, "आजोबा, झोप लागली कां?" एवढें विचारी. "त्या पोरानें मला परत आणलें," असें बंधु म्हणत. औषध तेंच होतें, खोली तीच होती. फरक एका वाक्याचा होता.

मुंबईस याचा मोठा धडा पूर्वीं एकदां मिळालेला आहे. १८९६ सालच्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. व्हिएगस यांस प्लेग आढळला. पुढच्या वर्षीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरें झडलीं, रोगी ओढून नेले गेले, निरोग्यांसहि छावण्यांत ठेवण्यांत आलें. विलगीकरणाचें तत्त्व खोटें नव्हतें. परंतु तें इतक्या निष्ठुरपणें अंमलांत आलें कीं लोक रोगी लपवूं लागले, आणि लपविलेल्या रोग्यापासून रोग पसरतो हें सांगावयास नकोच. त्याच साथींत पुण्यास सावित्रीबाई फुले आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यांत रोगी पोहोंचवीत होत्या; त्यांतच त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. रोग्यास इतरांपासून दूर नेणें आणि स्वतः त्याच्याजवळ जाणें, हीं दोन्ही कामें एकाच वेळीं करतां येतात, हें त्या माउलीनें दाखविलें.

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या घरांत बोलून ठेवणें अवश्य आहे. वेगळें ठेवण्याचे नियम आपल्याकडे पुष्कळ होते. सुतकाचे दहा दिवस, बाळंतिणीचा सव्वा महिना, यांस शेवटचा दिवस असे, आणि त्यानंतर ती व्यक्ति सर्वांत मिसळे. परंतु ज्या माणसांस आपल्या पूर्वजांनीं पिढ्यान् पिढ्या दूर ठेविलें, त्यांच्या दूर राहाण्यास शेवटचा दिवस कोणी नेमला नव्हता, आणि त्यास रोगाचें कारणहि नव्हतें. राज्यघटनेनें १९५० सालीं तो प्रकार बंद केला. कारण, मुदत आणि शुश्रूषा हीं तीन नसतील तर वेगळें ठेवण्यास बहिष्काराखेरीज दुसरें नांव नाहीं. मुलांस मासे पाळावयास देतांना एवढा विवेकहि द्यावा.

दुसऱ्या माशाचें वृत्त थोडक्यांत सांगतों. तेराव्या दिवसानंतर त्याच्या अंगावर ठिपका दिसला नाहीं, तरी औषध पुरें तीन आठवडे चाललें. त्यानंतर टाकी रिकामी केली, धुऊन उन्हांत कोरडी केली, नवें पाणी भरलें, मोठ्या टाकींतला दुसरा स्पंज घातला आणि आणखी पंधरा दिवस तांब्यावांचून त्याजवर नजर ठेविली. सत्तेचाळिसाव्या दिवशीं त्यास वहिनींच्या घरांत सोडलें. पहिल्या घटकेंतच वहिनींनीं त्यास कोपऱ्यांत पिटाळलें, आणि सूनबाई हंसून म्हणाल्या, "आतां खरी नवी आली घरांत!" आठवड्यांत दोघांचे प्रदेश ठरले. वहिनी व त्यांचे यजमान आजहि निरोगी आहेत.

ज्यांस ही हौस करावयाची आहे त्यांस आमच्या चार सूचना. एक, दुसऱ्या टाकीस जागा नसेल तर नवा मासा आणूं नये. दोन, शक्य तर समुद्रांतून पकडलेल्यापेक्षां पैदाशींतला मासा घ्यावा. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें विदूषक माशांची पैदास आपल्या देशांत साध्य केली आहे, आणि ऐरोलीस कांदळवन प्रतिष्ठानाच्या केंद्रांतहि ती करण्यांत आली आहे. असा माशासहि चाळीस दिवस चुकवूं नयेत. तीन, प्रवाळ व समुद्रघोडे यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. कोणी देऊं केले तरी घेऊं नयेत. चार, नकोसा झालेला मासा समुद्रांत सोडूं नये. दांड्याच्या कोळ्यांचें पोट त्या पाण्यावर आहे. आपल्या टाकींतला रोग त्यांच्या घरांत नेण्याचा अधिकार आपल्यास नाहीं.

बाळंतिणीची खोली सध्यां रिकामी आहे, कोरडी करून झांकून ठेविली आहे. वहींत मेलेल्या माशाच्या पानावर नातवानें तारखेपुढें फक्त 'बारा दिवस राहिला' एवढेंच लिहिलें आहे. तें पान आम्हीं फाडूं दिलें नाहीं.